फॅटचा पॉइंट मोजता, तेवढी माजाची तारीखही लिहा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांचे चेअरमन, संचालक मंडळी आणि सचिव यांना,

सप्रेम नमस्कार.

आज पहाटे पावणेसहाला डेअरीवर माझा नंबर लागला. सचिव दादांनी किटलीतलं दूध ढवळून नमुना घेतला, मशीनला लावला. फॅट 6.8, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) 9.1, दूध साडेचार लिटर. पावती हातात यायच्या आधी मोबाईलवर मेसेज आला. दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दरातला फरक, सगळं चोख. फॅट एका पॉइंटनं घसरला की आम्ही बायका दादांशी तिथंच हुज्जत घालतो आणि तेही मशीन पुसून परत नमुना लावून दाखवतात. एवढा हिशोब दिवसातून दोनदा होतो. पण माझी म्हस गाभण आहे की रिकामी, शेवटची कधी भरवली म्हणजे रेतन कधी केलं, उलटली म्हणजे न राहता परत माजावर आली का, याची नोंद संस्थेच्या एकाही वहीत नाही. दूध आटलं की आमचं नाव मशीनवरून गायब होतं आणि म्हस व्याली की परत उगवतं. मधले महिने कुठं गेले, हे विचारायला कुणी येत नाही.

त्या मधल्या महिन्यांबद्दलच हे पत्र आहे.

मी भुदरगड तालुक्यातली. दोन म्हशी, एक लहान रेडी, पावणेदोन एकर रान आणि त्यात एकरभर ऊस. थोरलीचं नाव चंद्री. पंढरपुरी वळणाची, शिंगं तलवारीसारखी पार खांद्याच्या मागं गेलेली. ती 2023 साली गांधी जयंतीला व्याली, म्हणून ती तारीख ध्यानात आहे. 14 डिसेंबरला माजावर आली, भरवून घेतली. पावती मिळाली होती, ती ह्यांच्या शर्टाच्या खिशातून धुण्यात गेली. एकवीस दिवसांनी परत माज येतो का ते बघायला हवं होतं, पण त्या आठवड्यात जावेच्या माहेरी लग्न होतं. दोन-अडीच महिन्यांनी हात घालून तपासून घ्यायची असते, तेही राहून गेलं. दूध कमी व्हायला लागलं तसं घरातल्या सगळ्यांनी गृहीतच धरलं, की गाभण आहे. मे महिन्यात आटवली. जूनमध्ये लसीकरणाला आलेल्या डॉक्टरांनी जाता जाता तपासली आणि हातमोजा काढत म्हणाले, "वहिनी, ही रिकामी आहे."

तोवर उन्हाळा सरत आला होता. उन्हाळ्यात म्हस माज दाखवत नाही म्हणतात, ते खरंच आहे. काळं कातडं, घामाच्या ग्रंथी कमी आणि वर पत्र्याचा गोठा. पाऊस लागून गारवा आल्यावर 20 सप्टेंबरला ती भरली आणि गाभण राहिली. म्हशीचे दिवस साधारण 310 धरतात. 27 जुलै 2025 ला व्याली. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत जवळजवळ बावीस महिने.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती उलटलेली दिसली असती आणि तेव्हाच परत भरवली असती, तर 2024 च्या नोव्हेंबरातच व्याली असती. आठ महिने गेले. दिवसाला दीडशे रुपयांची वैरण आणि पेंड धरली तरी 36,000 रुपये आमच्या गव्हाणीतून गेले, आणि त्या आठ महिन्यांत जे दूध तुमच्या कॅनमध्ये पडायचं ते पडलं नाही. गावात अशा किती चंद्र्या आहेत ते तुम्हीच मोजा. संकलन घटलं की सभेत दराची चर्चा होते, पेंडीची होते. आमच्या गावच्या सभेत तरी भाकड दिवसांची चर्चा मी कधी ऐकली नाही. आता मी सभासद नाही, सभासद आमचे मालक. मी दाराशी उभी राहून ऐकते ती गोष्ट वेगळी.

यावर तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे: म्हस कमी पडते तर नवी आणा, कर्ज आहे, अनुदान आहे. आमच्या दिरांनी तसंच केलं. हरियाणाहून ट्रकमधून मुऱ्हा म्हस आली, दीड लाखाच्या घरात पडली. व्यापाऱ्यानं सोळा लिटर सांगितलं होतं, गोठ्यात येऊन तिनं आठ-नऊ दिलं. लबाडी थोडी झालीही असेल, पण सगळा दोष मी व्यापाऱ्याला देणार नाही. तिकडं बरसीम आणि गव्हाची तुडी खाल्लेलं जनावर, इथं त्याच्यापुढं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, टाकलं. हजार मैलांचा प्रवास, वेगळं पाणी, वेगळी हवा. पहिलं वेत कसंबसं निघालं. पुढं माजाला आलीच नाही, किंवा आली आणि आम्हाला कळलं नाही. शेवटी वडगावच्या बाजारात निम्म्या किमतीला विकली. कर्जाचा हप्ता मात्र दर बिलातून अजून कापला जातो. संस्थेच्या कागदावर ते कर्ज नियमित आहे, म्हणजे तुमच्या दृष्टीनं प्रकरण चांगलं चाललंय.

आमच्या गोठ्यातली दुसरी म्हस सोनी. ती विकत आणलेली नाही, चंद्रीच्याच पोटची. 2021 च्या जुलैत, महापुराच्या आठवड्यात जन्मली. वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं, दुधाची गाडी चार दिवस फिरकली नाही. दूध घालायचं कुठं? शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलं, तूप केलं आणि बाकीचं सगळं त्या रेडीनं प्यायलं. चीक तर पोटभर मिळालाच. पूर नसता तर खरं सांगते, तिला दोन सडं चोखवून बाजूला बांधली असती आणि दूध डेअरीत आलं असतं. आम्ही सगळेच तसं करतो. 2023 साली चंद्रीला परत रेडी झाली, तेव्हा रस्ता उघडा होता, दूध वेळेवर डेअरीत गेलं आणि ती रेडी एकविसाव्या दिवशी गेली. पोट फुगलेलं, चिकणमातीसारखी पांढरट हगवण, अंगावरचे केस उभे राहिलेले. जंत. हे जंत रेडकाला आईच्या दुधातूनच येतात आणि जन्मल्यावर दहा-पंधरा दिवसांत जंताचं औषध पाजायचं असतं, हे मला नंतर कळलं. औषध काही महाग नव्हतं. रेडकू गेल्यावर चंद्री आठवडाभर नीट पान्हवली नाही, त्यात किती दूध गेलं ते वेगळंच.

सोनी चाळीस महिन्यांची असताना व्याली. चंद्री पंढरपुरी आणि रेत मुऱ्हाचं, म्हणून दूध दिवसाला आठ लिटरवर गेलं. दिरांच्या दीड लाखाच्या म्हशीइतकंच.

आणि सोनीच्या वेळी मी शहाणी झाले होते. भिंतीवरच्या कालनिर्णयात खुणा करायला लागले. 'व्या' म्हणजे व्याली, 'मा' म्हणजे माज, 'भ' म्हणजे भरवली, 'त' म्हणजे तपासली. व्याली 18 नोव्हेंबरला. पुढच्या फेब्रुवारीत एका रात्री तीनच्या सुमारास जाग आली. म्हस काही ओरडत नव्हती. गाय माजावर आली की सगळ्या गल्लीला कळतं, म्हशीचं तसं नाही, तिचा माज मुका. गोठ्यात बॅटरी मारली तर सोनी उभी, रवंथ बंद, शेपटीचा बुडखा किंचित वर आणि थोड्या थोड्या वेळानं लघवीचे चार थेंब. खाली शेणात काचेसारखी स्वच्छ सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, पडलेली. दिवस उजाडेपर्यंत ती वाळून गेली असती, किंवा मी झाडून टाकली असती. सकाळी धारेला दूधही लिटरभर कमी आलं. ह्यांना म्हटलं, आजच फोन करा. ते म्हणाले, तुला भास झाला, ती ओरडली कुठं? भांडण नको म्हणून डॉक्टरांना फोन मीच केला. रात्री माज दिसला तर दुपारनंतर भरवायची असते. संध्याकाळी भरवली, 9 फेब्रुवारी. एप्रिलमध्ये तपासली, राहिलेली होती. आता 16 डिसेंबरच्या आगेमागे व्यायची आहे. दोन वेतांत तेरा महिने. एकच गोठा, एकच वैरण. चंद्रीला बावीस लागले, सोनीला तेरा, आणि मधला फरक भिंतीवरच्या चार अक्षरांचा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्या काउंटरवर तुम्ही फॅट लिहिता, तिथंच आणखी एक वही ठेवा. म्हशीच्या कानातला बारा आकडी बिल्ला, व्यायल्याची तारीख, भरवल्याची तारीख, कुठल्या वळूचं रेत त्याचा नंबर. बस्स. सकाळ-संध्याकाळ गावातला प्रत्येक दूधवाला तुमच्या दारात येतो. सरकारी दवाखान्याला अशी हजेरी स्वप्नातही मिळायची नाही. मशीनमधून फॅटचा मेसेज जातो, तसाच भरवल्यापासून विसाव्या दिवशी एक मेसेज जाऊ द्या: उद्या-परवा रात्री म्हशीवर लक्ष ठेवा. सत्तराव्या दिवशी दुसरा: तपासून घ्या. व्यायल्यावर तीन महिने झाले आणि भरवल्याची नोंद नाही, तर सचिवांनी दूध घालायला आलेल्या माणसाला नुसतं विचारायचं, काय वहिनी, अजून माज नाही? एवढ्यानं निम्मं काम होईल.

आणि तो मेसेज कृपा करून बाईच्या मोबाईलवर पाठवा. दुधाचं पुस्तक मालकांच्या नावावर, मोबाईल नंबर मालकांचा, शिबिराचं निमंत्रण मालकांना. गोठ्यात पहाटे शेण काढायला कोण असतं? सोट कुणाला दिसते? आमच्या संस्थेनं दोन वर्षांपूर्वी पैदाशीवर शिबिर घेतलं, हॉलमध्ये साठ-सत्तर पुरुष बसले होते. आम्ही बायका मागं चहा करत होतो. डॉक्टरांनी माजाची लक्षणं सांगायला सुरुवात केली तेव्हा मी चहाची गाळणी हातात घेऊन दारात उभी राहिले, म्हणून मला ही विद्या मिळाली.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009 साली क्लोन पद्धतीनं म्हशीची रेडी जन्माला घातली. आता रेडीच व्हावी म्हणून वेगळं केलेलं रेतही मिळतं, दहातल्या नऊ वेळा रेडी होते म्हणतात. चांगलंच आहे. पण त्या कांडीत, म्हणजे रेताच्या बारीक नळीत, शुक्राणू नेहमीच्या कांडीपेक्षा फार कमी असतात, वेळ चुकली की महागडी कांडी वाया. म्हणजे विज्ञान जितकं पुढं गेलं तितकं माझ्या तीन वाजताच्या बॅटरीचं काम वाढलंय. रेतन करणाऱ्यांबद्दलही एक बोलते. नायट्रोजनच्या कॅनमध्ये उणे 196 अंशाला ठेवलेली कांडी 37 अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. मी कांडी शर्टाच्या खिशात ठेवून वितळवलेली पाहिली आहे. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही, त्याच्याकडं त्या दिवशी नऊ गावं होती. पण आपल्या वहीत प्रत्येक भरवणीपुढं 'राहिली' किंवा 'उलटली' असं लिहिलेलं असेल, तर कुठं काय बिघडतंय ते वर्षभरात दिसेल. कुणावर ठपका ठेवायला लागणार नाही.

वळूचा नंबर का लिहायचा, तेही सांगते. गावात एकाच वळूच्या कांड्या वर्षानुवर्षं येत राहिल्या तर लेकीला बापाचंच रेत पडतं, आणि कुणाला पत्ता नसतो. शिवाय सगळ्यांनी मुऱ्हाच का धरावा? कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर गवळी ग्लासात धार काढून देतात, तालमीतली पोरं उभ्या उभ्या पितात. त्या म्हशी बघा कुठल्या असतात. पंढरपुरीच. दिवसातून चार वेळा थोडी थोडी धार द्यायची, गर्दीत उभं राहायचं, हे तिलाच जमतं. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मालकाच्या मोटारसायकलचा आवाज ओळखून तिच्यामागं धावते तीही बहुतेक हीच. कमी वैरणीत तगते, लवकर माजावर येते, वर्षाआड का होईना पण वेत चुकवत नाही. चंद्रीनं चुकवलं ते आमच्यामुळं. ज्याच्याकडं चारा-पाणी मुबलक त्यानं मुऱ्हा करावी, ज्याच्याकडं माझ्यासारखं दीड-दोन एकर रान त्याला पंढरपुरीच्या चांगल्या वळूची कांडी मिळावी. आज मागितली तर दोन-दोन आठवडे थांबावं लागतं आणि माज काही थांबत नाही.

आता वैरणीचं. कारखाने सुरू झालेत, दारात वाड्याच्या मोळ्या पडायला लागल्यात, मार्चपर्यंत आमच्या म्हशी दुसरं फारसं काही बघणार नाहीत. फुकटासारखं मिळतं आणि गोड असतं, म्हणून त्या खातातही आवडीनं. पण वाड्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून बसतं. प्रथिनंही बेताचीच. चार महिने नुसत्या वाड्यावर काढलेली म्हस दूध देते ते हाडं झिजवून, आणि मग माजाला येत नाही. नेमका हाच हंगाम म्हशी माजावर यायचा असतो, हे आपल्या जिल्ह्याचं दुर्दैव बघा. उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. कुट्टी करून वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, रोज मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम, खनिज मिश्रण आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंडीत, घालायचं, आणि बांधाला लसूणघास किंवा चवळी असेल तर दोन पेंढ्या त्यात मिसळायच्या. मी हे गेल्या वर्षी केलं. खनिज मिश्रण मात्र मला तालुक्याच्या गावाहून आणावं लागलं, कारण संस्थेत गोळी पेंडीची थप्पी असते आणि मिश्रणाची पिशवी नसते. 'खपत नाही' म्हणतात. पेंडीच्या प्रत्येक पोत्याबरोबर एक पुडी द्या आणि बिलात धरा, मग बघा.

पेंड आम्ही देतो तीही अंदाजानं. दुधाच्या म्हशीला दोन लिटरमागं एक किलो आणि अंगासाठी वर किलो-दीड किलो, असा हिशोब आहे. आमच्या गल्लीत सगळ्या म्हशींना एकच घमेलं, दहा लिटरवालीला तेवढंच आणि तीन लिटरवालीलाही तेवढंच. आणि गाभण म्हस आटली की पेंड बंद! पोटातलं रेडकू शेवटच्या दोन महिन्यांतच वाढतं, पुढच्या वेताची कास तेव्हाच भरते. सोनीला मी आता रोज दोन किलो घालते, तर सासूबाई म्हणतात, बिनदुधाच्या म्हशीला कशाला लाड. त्यांना उत्तर देत नाही, 16 डिसेंबरची वाट बघते.

उन्हाळ्याचा प्रश्न एकट्या घराचा नाही, तिथं संस्थेनं उतरावं. एप्रिल-मेमध्ये भाताच्या वाळक्या पिंजराशिवाय काही उरत नाही. मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, पण माझ्या चार गुंठ्यांच्या मक्यासाठी कुट्टी मशीन कोण आणणार? संस्थेनं मशीन घ्यावं, पिशव्या आणाव्यात, गल्लीवार दिवस ठरवावेत आणि भाडं बिलातून कापावं. म्हशीचं कर्ज कापताच की.

पैशाचा प्रश्न येईलच. दिवाळीला लिटरमागं जो फरक देता, तो ज्याचं दूध जास्त त्याला जास्त. बरोबर आहे. पण त्यातला अगदी थोडा वाटा बाजूला काढून दोन गोष्टींना द्या. एक, जिची म्हस चौदा महिन्यांच्या आत परत व्याली तिला. दोन, जिनं घरची रेडी वर्षाची करून, जंताचं औषध आणि लसी देऊन दाखवली तिला. बाहेरून म्हस आणायला जेवढं अनुदान मिळतं त्याच्या चौथाईत एक रेडी उभी राहील, आणि तिला ट्रकमध्ये चढवायला लागणार नाही, वाड्याचीही तिला लहानपणापासून सवय असेल. हे सगळं येत्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर घ्या अशी विनंती आहे. आयत्या वेळच्या विषयात नको. तोवर पोरं खुर्च्या उचलायला लागलेली असतात.

वहीसाठी सभेची वाट बघायची मात्र गरज नाही. शंभर पानी वही चाळीस रुपयांना मिळते, ती मी आणून देते. चंद्री या महिन्याच्या 3 तारखेला भरवली आहे, पंढरपुरीचीच कांडी, पावती यावेळी पिठाच्या डब्यात जपून ठेवलीय. 24 तारखेला एकवीस दिवस होतात. त्या आधीची आणि नंतरची एकेक रात्र मी गोठ्यात जाऊन बघणार आहे. सचिव दादा, संध्याकाळी किटली घेऊन येते तेव्हा पहिल्या पानावर रेघा मारून ठेवा. बिल्ल्याचा नंबर लिहून आणते.

आपली,
पुस्तकावर नाव नसलेली एक दूध उत्पादक
तालुका भुदरगड, जिल्हा कोल्हापूर